फुगायला कोण बसणार

आत्याचं लग्न संध्याकाळी होतं आणि सकाळपासून घरात एकही माणूस रुसलेलं नव्हतं. दुसऱ्या एखाद्या घरात याला भाग्य म्हणाले असते. इथे मात्र सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण लग्नाचा केक करायचं तिने कबूल केलं होतं आणि या घरातला केक काही साध्यासुध्या गोष्टींनी फुगत नसे.

केकही फुगतो आणि माणूसही फुगतं, त्यात नवल ते काय. पण इतर घरांमध्ये या दोन गोष्टी आपापल्या सवडीने होतात. या घरचा ओव्हन पडला सासूबाईंच्या लग्नातला, चारही पाय चार दिशांना फाकलेला, दाराची कडी सुतळीने बांधलेली. त्याला बेकिंग पावडरीचं काही देणंघेणं नव्हतं. पावडरीचा डबा सिंकखाली असे आणि नळाचे डाग घासायला कामी येई. केक फुगायला घरात कुणीतरी फुगून बसलेलं असावं लागे, बस्स. माणूस फुगून बसलं की आत केक फुगून उठला.

सासूबाईंना याचा शोध नव्या नवरीपणीच लागला होता. नवऱ्याने भाजीला नावं ठेवली त्या दिवशीचा केक टोपीसारखा वर आला, आणि नवऱ्याने फुलं आणली त्या दिवशीचा तव्याला चिकटल्यासारखा राहिला. मग हळूहळू अंदाज बसत गेला. पलंगावर ओला टॉवेल टाकला एवढं कारण छोट्या बनपावांना पुरे. साध्या स्पंजला अर्धा दिवस अबोला हवा. फळं घातलेला जड केक असेल तर माहेरचा विषय काढावा लागे. बिस्किटांना मात्र काहीच लागत नसे, म्हणून घरात सगळं सुरळीत असलं की बिस्किटं होत. केकचा वास सुटला की शेजारीण भिंतीपलीकडून विचारी, "आज कोण?" आणि सासूबाई नाव सांगत.

या कलेत घराण्याचा अभिमान म्हणजे आत्या. आत्या म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याची आत्या, सासूबाईंची नणंद. शिवणकाम करून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली, बिनलग्नाची, आणि फुगण्यात अशी तयार की तिला गल्लीभर फुगाआत्या म्हणत. तिला कारण लागत नसे. कुणी "बस ना" म्हटलं तरी ती फुगे, कारण कुठे बस ते सांगितलं नाही. आणि नाही म्हटलं तर विचारायलाच नको.

सूनबाईच्या लग्नातला तो प्रसिद्ध केक आत्याच्याच फुगण्यावर झाला होता. त्या सकाळी आत्या कशावरून फुगली हे आजवर कुणाला कळलेलं नाही. कुणी म्हणे तिची खुर्ची खांबाआड मांडली होती म्हणून, कुणी म्हणे नवऱ्या मुलाच्या कोटाची बटणं दुसऱ्याकडून लावून घेतली म्हणून. फुगली आणि मागच्या खोलीत शिवणमशीनजवळच्या स्टुलावर जाऊन बसली ती बसलीच. इकडे केक वाढू लागला. दार आतून ढकलू लागला. नवरा मुलगा नव्या कोटासकट दाराला पाठ लावून उभा राहिला आणि बोटातल्या अंगठीची वाट पाहायची सोडून सुताराची वाट पाहू लागला. सुताराने दार बिजागरीतून काढलं तेव्हा कुठे केक बाहेर आला, आणि बाहेर आल्यावरही थोडा वाढला. खिडकीतून गेला, हातगाडीवरून हॉलवर गेला. नवरा-नवरीच्या मध्ये ठेवल्यावर ती दोघं एकमेकांना दिसेनात. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मधोमध केक आहे, डावीकडून तिचं अर्धं तोंड आणि उजवीकडून त्याचं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली होती, मधे एक मुलगी झाली होती, ती बोलायला लागून सगळ्यांना गप्प करू लागली होती, पण त्या केकचा विषय घरात रोज निघे. जेवताना कुणीतरी म्हणेच, "पण त्या केकची चव." मग तो लोण्याचा वास, ती किसलेल्या संत्र्याच्या सालीची कडसर झणक, वरचा खरपूस पापुद्रा, सगळं पुन्हा व्हायचं. फोटोवाल्याने एका हाताने कॅमेरा धरून दुसऱ्या हाताने कसा खाल्ला, तेही. सूनबाई हसून मान डोलवी आणि छोटीच्या तोंडात घास घाली.

आणि आता साठी ओलांडल्यावर फुगाआत्या लग्न करत होती. नवरदेव घड्याळजी. आत्याचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला गेलं होतं. ते चालू लागल्यावरही ती दोघं ते पुन्हा पुन्हा बंद पाडत राहिली. मागच्या महिन्यात आत्याने सूनबाईचा हात धरून म्हटलं होतं, "मला बाकी काही नको गं. दुसऱ्यांच्या लग्नांत आयुष्यभर कोपऱ्यातल्या खुर्चीवरून केक पाहिले. एकदा माझ्यापुढे एक उंच केक ठेव. तुझ्या वेळी होता तसा."

"ठेवते की," सूनबाई म्हणाली होती. तेव्हा तिच्या लक्षातच आलं नव्हतं की आत्याच नवरी असली तर फुगायला कोण बसणार.

सकाळी पहिला केक बाहेर निघाला तो पायपुसण्यासारखा. दुसराही त्याचाच भाऊ. सूनबाईने दोन्ही ओव्हनच्या खालच्या खणात सारले, डोळ्यांसमोर नकोत म्हणून, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "हे बघा, अंडी शेवटची राहिली आहेत. कुणीतरी फुगा."

घरातली माणसं मनापासून कामाला लागली. सासूबाईंनी आत्याचाच प्रयत्न करून पाहिला. आत्या खिडकीशी बसून आपल्याच लग्नाच्या कपड्यांना टीप घालत गुणगुणत होती.

"ताई, हा रंग तुम्हाला मुळीच खुलत नाही."

"नाहीच खुलत, वहिनी," आत्या म्हणाली. "घड्याळजीही तेच म्हणाले. इतके हसलो आम्ही."

"आणि या वयात लग्न म्हणजे लोक काय म्हणतील."

"काल शिंपीगल्लीत विचारून आले. छान म्हणतायत."

सासूबाईंनी हात टेकले. "या गेल्या कामातून," त्या सुनेला हळूच म्हणाल्या.

"मग तुम्ही फुगा ना, आई. तुमच्या एवढ्या हक्काच्या नणंदबाई चालल्या घर सोडून."

"त्यावरून मी फुगू?" सासूबाई म्हणाल्या, आणि आतल्या आत असं हसू दाबलं की आत्यालाही ते खिडकीशी ऐकू गेलं. तिने टाका न सोडता म्हटलं, "हसा वहिनी, मोकळेपणाने हसा. मला राग नाही." त्यावर दोघी नणंद-भावजया डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि ओव्हनच्या काचेवर जी थोडी वाफ धरली होती तीही उतरली.

सूनबाईच्या नवऱ्याने कोपऱ्यात तोंड करून शाळेत चोरीला गेलेलं पेन आठवून पाहिलं. तो चष्म्याच्या काचा घासायचं काम करी, त्यामुळे एका जागी बसून लक्ष लावायची सवय होती, पण पेन आठवता आठवता त्याला पेन चोरणारा मित्र आठवला आणि मग त्याची आठवण येऊन तो फोन करायला उठला. घड्याळजी सकाळची फुलं द्यायला आला होता, त्यानेही मदत देऊ केली. "पण मला जमेलसं वाटत नाही हो," तो म्हणाला. "घड्याळ मागे पडलं तरी मी त्याच्याशी गोडच बोलतो." त्याला बिस्किटं देऊन घरी पाठवलं.

"तूच का नाही फुगत?" फोनवरून परत आलेल्या नवऱ्याने बायकोला विचारलं.

"तिला नाही येत," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या घरी पद्धतच नाही."

हे खोटं नव्हतं. लग्न होऊन आल्यावर सूनबाईने एकदोनदा प्रयत्न केला होता. आतल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं, हाताची घडी घातली होती. पण फुगायला वेळ लागतो. सुरुवातीला नुसता राग असतो, तो मुरावा लागतो, त्यात मागचं काहीबाही आठवून घालावं लागतं. तेवढ्यात दूध उतू गेलं. दुसऱ्या वेळी कात्री कुठे आहे म्हणून कुणीतरी दार ठोठावलं. मग छोटी झाली, आणि मग तर अंघोळीलाही दार लावायची सोय राहिली नाही. फुगण्यासारखं काही झालंच तर ती मनात म्हणे, हे झोपताना बघू, आणि पडल्या पडल्या तिला झोप लागे.

"नका फुगू कुणी," ती म्हणाली. "मी मिश्रण करते. काय व्हायचं ते होईल."

तिने मैदा दोनदा चाळला. लोणी आणि साखर लाकडी चमच्याने इतकी फेटली की रंग पांढरा पडला. अंडी एकेक करून घातली. छोटी ओट्याशी स्टुलावर चढून बोटाने भांड्याच्या कडा साफ करत होती. आणि तिला धीर यावा म्हणून म्हणा, की ओव्हनला जुनं काही आठवावं म्हणून म्हणा, सगळी तिच्याभोवती जमून तिच्या लग्नातल्या त्या केकबद्दल बोलू लागली.

"कापला तेव्हा सुरी आत गेली ती नुसती सुसकारा टाकून," सासूबाई म्हणाल्या.

"मी चार तुकडे खाल्ले," आत्या म्हणाली. "फुगलेली असूनसुद्धा. पाठ फिरवून खाल्ले."

"मधला भाग तर," नवरा म्हणाला, "दातांना काही कामच नाही. आणि वरचा तो पापुद्रा. तुला आठवतो ना?"

सूनबाई मिश्रण साच्यात ओतत होती. भांडं तिरपं धरून चमच्याने शेवटचं निपटत ती म्हणाली, "नाही."

"काय नाही?"

"आठवत नाही. मी नव्हता खाल्ला."

साचा ओव्हनमध्ये गेला, दार लागलं, सुतळी बांधली गेली. मग तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"काहीतरीच," नवरा म्हणाला. "तुझ्याच लग्नातला केक?"

"आधी फोटो चालले होते. मग कुणाकुणाला भेटायचं होतं. मग माझ्या बुटात खडा गेला होता तो काढून आले, तर ताट धुऊन पालथं घातलेलं."

हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं. ती गोष्ट तिच्या मनात इतकी वर्षं नीट घडी घालून ठेवलेली होती, आणि नवरा तेवढ्यात हसला नसता तर ती पुन्हा तशीच आत गेलीही असती. पण तो हसला. प्रेमानेच हसला, आणि म्हणाला, "अगं मग सांगायचं नाही का? आम्हाला काय स्वप्न पडणार?"

सूनबाईने चमचा ठेवला. अॅप्रनची गाठ सोडली, अॅप्रन खुंटीला अडकवला. हे सगळं ती इतकं सावकाश करत होती की छोटीनेसुद्धा बोट तोंडातून काढलं. मग ती मागच्या खोलीत गेली, शिवणमशीनजवळच्या त्या स्टुलावर बसली आणि तिने दार लावून घेतलं.

 स्वयंपाकघरात सासूबाईंनी पदराने ओव्हनची काच पुसली आणि आत पाहिलं.

"उठतोय," त्या कुजबुजल्या.

नवरा तोवर दाराकडे निघाला होता. त्यांनी त्याची कॉलर धरली. "खबरदार. मध्यभाग अजून ओला आहे."

"आई, ती रुसली आहे."

"म्हणूनच. आत्ता मनवलीस तर बसेल."

"कोण बसेल?"

"केक. ती बसलेलीच आहे."

"हे बरोबर नाही," नवरा म्हणाला आणि खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते. "एकदाही बोलली नाही ती. रोज माझ्यासमोर बसून मान डोलवायची."

आत्याने हातातलं शिवण बाजूला ठेवलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिचं गुणगुणणं थांबलं होतं. "मी कशावरून फुगले होते माहितीये का त्या दिवशी?" ती म्हणाली. "सकाळी इथेच, ताटल्या पुसत होतात तुम्ही सगळे. मी म्हटलं, पोरीसाठी एक तुकडा आधीच बाजूला काढायचा हं, मग मिळत नाही. तर कुणीतरी म्हणालं, नवरीला कुठे असतो वेळ खायला. आणि सगळी हसली."

"कोण म्हणालं असं?" नवऱ्याने विचारलं.

सासूबाई काचेतून फार लक्षपूर्वक आत बघत होत्या.

"म्हणजे तिला तुकडा मिळणार नव्हता," नवरा सावकाश म्हणाला, "म्हणून तो केक एवढा झाला."

"असा हिशोब नको करूस," आत्या म्हणाली. "चहा कर तिला. आणि बोलायचं नाही. ठेवायचा आणि यायचं."

मागच्या खोलीत सूनबाई फुगली होती आणि तिला आश्चर्य वाटत होतं. दार लावलेलं होतं आणि कुणी ठोठावत नव्हतं. कात्री कुणाला नको होती. दूध उतू जात असेल तर ते कुणीतरी बघत होतं. थोड्या वेळाने दार थोडंसं उघडलं, नवऱ्याचा हात आत आला, चहा ठेवून गेला. ती तो प्यायली. तो गरम होता. छोटी झाल्यापासून तिने गरम चहा प्यायला नव्हता. शेवटच्या घोटापर्यंत गरम असतो हे ती विसरूनच गेली होती, आणि ते लक्षात आल्यावर ती आणखी फुगली. मग हळूहळू सगळंच सापडू लागलं. पलंगाची भिंतीकडची बाजू. स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच धुतलेली भांडी. सगळ्यांसाठी कोरडा टॉवेल आणि तिच्यासाठी कुणाचा तरी. एकेक आठवण हाताशी घेऊन तिने नीट पाहिली, आणि तिथेच ठेवली. किती छान वाटत होतं. लोक सुट्टीला डोंगरावर जातात ते कशाला, असं तिला वाटलं.

स्वयंपाकघरात सुतळी तुटली.

नवरा पुन्हा एकदा पाठ लावून उभा राहिला. आता तो लग्नातल्याइतका सडपातळ नव्हता, तरी केक त्याला टाचांवर सरकवत होता. सासूबाईंनी फटीतून विणकामाची सुई आत घातली आणि बाहेर काढली. सुई स्वच्छ होती.

"झाला," त्या म्हणाल्या. "आता मनवा तिला. लवकर. नाहीतर पुन्हा सुतार."

नवरा आत्याला ओव्हनच्या दाराशी उभी करून गेला. मागच्या खोलीबाहेर थांबून घसा साफ करून म्हणाला, "चुकलं माझं."

"नाही, तुझं काय चुकणार," आतून आलं. ओव्हनचं दार वीतभर उघडलं.

"अगं, दुसरा करू आपण केक. तुझ्यासाठी खास."

"मीच करू ना?"

बिजागरी करकरली. "तू नको बोलूस," आत्या तिकडून म्हणाली. "फार वाढतोय." सासूबाई गेल्या आणि दारातूनच परत आल्या. आत्याला स्वतःला जायचं होतं, पण ती हलली असती तर केक भिंतीला लागला असता. "या कामात मी पूर्वी दुसऱ्या बाजूला असायचे," ती दम लागत म्हणाली. "मला कुणी मनवलं नाही कधी. मीच कंटाळून बाहेर यायचे."

या गडबडीत छोटी स्टुलावरून उतरली, मागच्या खोलीचं दार ढकलून आत शिरली आणि आईशेजारी जमिनीवर बसली. तिने हाताची घडी घातली. गाल फुगवले. तोंडाला अजून मिश्रण लागलेलं होतं.

सूनबाईने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं नाही. मग पाहिलं.

"तुला काय झालं?"

"मी फुगले."

"का गं?"

"तू मला न घेता फुगलीस."

सूनबाईने ओठ घट्ट मिटले, भिंतीकडे पाहिलं, टॉवेल आठवला, भांडी आठवली. काही उपयोग झाला नाही. आधी खांदे हलले आणि मग ती हसली.

स्वयंपाकघरातून लांबलचक उसासा ऐकू आला. तो आत्याचा होता की केकचा ते सांगणं कठीण. केक दारातून दोन बोटं मागे सरला आणि उभा राहिला, उंच, सोनेरी, खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत. फक्त मधोमध, जिथून हसू गेलं होतं तिथे, तो वाटीभर खाली बसला होता.

सगळी तो खळगा बघत उभी राहिली. सूनबाई छोटीला कडेवर घेऊन दाराशी आली. "मी जाम भरते त्यात," ती म्हणाली. "आत्या, माफ करा हं. अजून थोडं फुगायला हवं होतं मला."

 आत्याने शिवणाची मोठी कात्री घेतली, तीच हाताशी होती, आणि लग्नाच्या केकच्या ऐन मध्यातून, नवरदेव यायच्या आत, कुणी फोटो काढायच्या आत, बशीभर मोठा तुकडा कापून काढला. वरच्या पापुद्र्यासकट.

"अहो ताई, संध्याकाळी लोक काय म्हणतील?" सासूबाई म्हणाल्या. "मधे भगदाड."

"विचारतील. सांगेन, घरचं माणूस आधी जेवलं."

नवऱ्याने खुर्ची पुढे केली. सूनबाई बसली. छोटीला त्याने उचलून घेतलं, आणि ती "मला पण" म्हणाली तेव्हा म्हणाला, "आईचं होऊ दे आधी." सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे डोळे लावले. तिने तुकडा मोडला, वास घेतला, खाल्ला. सावकाश चावला. इतक्या वर्षांचं ऐकलेलं सगळं त्यात होतं, लोणी होतं, संत्र्याची साल होती, दातांना काही काम नव्हतं. दुसरा घास खाल्ला. डोळे मिटले.

"कसा आहे?" नवऱ्याने विचारलं.

"छान आहे." ती थांबली. आज तिला खरं बोलायची चटक लागली होती. "साखर किंचित कमी वाटते."

"साखर मी मोजून दिली होती," सासूबाई म्हणाल्या.

"हो आई, पण."

"माझ्या लग्नापासून हेच माप आहे. त्या केकलाही हेच होतं. तेव्हा कुणी काही बोललं नाही." त्यांनी पदर खोचला, मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

नवरा लगेच तिकडे निघाला. सूनबाईने त्याची बाही धरली. तिचं लक्ष ओव्हनच्या खालच्या खणाकडे होतं, जिथे सकाळचे दोन पायपुसण्यासारखे केक सारून ठेवले होते. त्यातल्या वरच्याची कड हळूच उचलली जात होती.

"राहू दे," ती घास चावत म्हणाली. "पाहुणे बरेच आहेत. चहा टाक आईंना, आणि बोलू नकोस."